उसन्या शेपटीचा शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेलीय. वाचणार कोण आहे म्हणा. ही डायरी लेकीने तिच्या ऑफिसातून आणून दिली. म्हणाली, हात शिवशिवायला लागले की यात लिहीत जा. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली तेव्हापासून गाठोड्यांवरच्या खुणा सोडून मी काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, मग खुणाच लिही.

तर ही खूण. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन रोलरमध्ये गेली. आमची लॉन्ड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, पलीकडून इस्त्री होऊन निघते. रोलरच्या तोंडाशी बोटं अडवायला एक पट्टी असते. तिला धक्का लागला की मशीन थांबतं. पण ती मेली चादरीच्या गाठीनेही थांबते, सुरकुतीनेही थांबते. म्हणून मी ती चिंधीने वर बांधून टाकली होती. कित्येक वर्षं बांधलेलीच होती, कुणाचं नख गेलं नाही. त्या दिवशी उभ्याउभ्या माझा डोळा लागला. चादर आत गेली आणि चादरीबरोबर मी.

सगळे म्हणतात चिंधीमुळे झालं. मी म्हणते झोपेमुळे झालं. झोप आली नसती तर चिंधीने काय केलं असतं?

मांडीचं कातडं काढून बोटांवर लावलंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की हात भिजवायचा नाही, कशाला लावायचा नाही, सहा आठवडे काम तर अजिबात नाही. चिघळलं तर दोन्ही बोटं काढावी लागतील. माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून सांगत होत्या. बोटं माझी, सूचना त्याला.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॉन्ड्री नवरा बघतोय. रोलरवर घडीवालीला उभं केलंय. ती बारा वर्षं माझ्या हाताखाली घड्या घालते, पण चादरीचे काठ अजून जुळवत नाही. माझा धाकटा भाऊ गाडीवरून हॉस्पिटलची ने-आण करतो. तो आमच्याकडेच राहतो, मागच्या खोलीत. आधी प्यायचा. प्यायचा म्हणजे कसा, तर शेवटी शेवटी लॉन्ड्रीतलं डाग काढायचं स्पिरिट पाण्यात घालून प्यायला होता. वाचला तेच नशीब. तेव्हापासून आमच्या घराचा कायदा आहे की स्पिरिटचा थेंब उंबऱ्याच्या आत येणार नाही. स्पिरिट लॉन्ड्रीत, तेही कपाटात, कुलपात. धाकट्याने सोडल्याला आता बरीच वर्षं झाली. दर शनिवारी सुटलेल्या दारुड्यांच्या बैठकीला जातो. मी त्याच्या तोंडाचा वास घेणं मात्र सोडलेलं नाही. सवय.

आज जेवताना मी घडीवालीच्या काठांचा विषय काढला. म्हटलं, मी एक तास जाऊन येते, नुसती बघायला. नवरा म्हणाला, नाही. मी म्हटलं, डाव्या हाताने. लेक ताटावरून उठलीच. म्हणाली, "आई, तू वर्कहोलिक आहेस."

मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, ज्याला कामाशिवाय राहवत नाही तो. मला बरं वाटलं. इंग्रजीत आपल्यासारख्यांसाठी एक अख्खा शब्द आहे म्हणजे लोकांना किंमत आहे. घडीवाली लॉन्ड्रीतला निरोप घेऊन आली होती, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, बाई, माझ्या सासूला पण सांगते, ती मला आळशीच म्हणते.

धाकटा पाणी पीत होता. त्याला ठसका लागला. हसत होता मेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्याला धरलाच. म्हटलं, काल दात काढायला काय झालं होतं?

तो आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला की त्यांच्या बैठकीत एक निवृत्त मास्तर येतात. त्यांनाही कधीकाळी बाटली लागायची, आता शब्दांचा नाद लागलाय. ते सांगतात, इंग्रजीत दारुड्याला अल्कोहोलिक म्हणतात. तिकडे कोणी एक पाद्री होता. लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा, त्यांत दारुडेही असायचे. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं की यांचं दारूचं जे चालतं तेच आपलं कामाचं चालतं. त्याच्या पोटच्या पोराने म्हणे त्याला भेटायला वेळ मागून घेतली होती, गिऱ्हाइकाने मागावी तशी. मग त्या पाद्र्याने दारुड्याच्या शब्दाची शेपटी कापली आणि कामाच्या शब्दाला जोडली. वर्क म्हणजे काम. झाला वर्कहोलिक. दुसऱ्या कुणाला नाही, आधी स्वतःलाच म्हणाला.

मी म्हटलं, शेपटीचा अर्थ काय?

म्हणाला, काहीच नाही. मास्तर म्हणतात कापलीय तीच चुकीच्या जागी. मुळात शब्द अरबी. अल वेगळा आणि कोहोल वेगळा. कोहोल म्हणजे डोळ्यांत घालायचं काजळ, सुरमा, बारीक पूड. ती पूड करता करता तोच शब्द कुठल्याही अर्काला लागला आणि मग दारूला. होलिक असा तुकडा कधी नव्हताच.

हे मला कळलं. आमच्याकडे दोन चादरी मधोमध विरल्या की दोन्ही फाडायच्या, धड बाजू घ्यायच्या आणि जोडून एक करायची. चुकीच्या जागी फाडली तर शिवण बरोबर पाठीखाली येते आणि पेशंटला रात्रभर रुतते. हा शब्द तसला आहे.

पण मला त्यात गुंडाळायचं कारण काय? मी म्हटलं, तुझ्या बाटल्या मोरीत ओतल्या त्या मी. तुला उलट्या व्हायच्या तेव्हा तोंडापुढे घमेलं धरलं ते मी. आणि मला तुझ्या शेपटीला बांधतोस? दारू माणसाला खाते. कामाने कुणी मेलंय?

तो माझ्या बँडेजकडे बघत म्हणाला, "ताई, मीसुद्धा म्हणायचो, प्यायल्याने कुणी मेलंय?"

मी त्याला उठून जायला सांगितलं. काजळ म्हणे. माझ्या डोळ्यांत अंजन घालायला हा निघालाय.

९ फेब्रुवारी, रविवार

घरात बसून माणसं काय करतात हे मला खरंच माहीत नाही. खुर्चीत बसले. उठले. खिडकीत गेले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत घातलीय, एक कोपरा लोंबतोय, काल सकाळपासून तसाच. मला घाम सुटतो. डोकं ठणकतं. काल रात्री पाय आपोआप हलत होते म्हणून नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. बरा असलेला डावा हात थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो. अशक्तपणा असणार. रक्त गेलंय ना.

नवऱ्याने लॉन्ड्रीची माझी किल्ली काढून घेतली. विचारून नाही, माझ्या पर्समधून. मी काही बोलले नाही. मी न बोलण्याचाही त्याने अर्थ काढला आणि रात्री दाराला आतून वरची कडी लावली, जिथे माझा हात पोचत नाही. पूर्वी धाकट्यासाठी लावायचो तशी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना नवरा सहज बोलून गेला की डॉक्टरांचे चार कोट हॉस्पिटलने परत पाठवले. खिशावरचे पेनाचे डाग गेले नाहीत. घडीवालीने ते ब्लीचमध्ये घातले, डाग पिवळे होऊन बसले. मी ताट सरकवलं. शाईला ब्लीच? शाईला स्पिरिट लागतं, आणि बोळा खालून लावायचा, वरून टिपायचं, बाहेरून आत यायचं. घासलंस की पसरलीच. हे मी तिला हज्जारदा दाखवलंय. नवरा म्हणतो होईल हळूहळू. हळूहळू हॉस्पिटल दुसरी लॉन्ड्री बघेल.

दुपारी सगळे कामावर गेल्यावर घडीवालीला फोन केला. म्हटलं, चार कोट पिशवीत घालून आण आणि थोडं स्पिरिट आण. कपाटाची किल्ली सध्या तिच्याकडे असते. म्हणाली, बाई, तुमच्या घरात स्पिरिट? मी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, कुणाला कळणार नाही. फक्त हे चार.

आणलं तिने. कसल्याशा औषधाच्या चपट्या बाटलीत, चिठ्ठी खरवडून काढलेली. हुशार आहे, फक्त काठ जुळवता येत नाहीत.

डाव्या हाताने बोळा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने नुसतं कापड दाबून धरायचं. बोटांना काही करावंच लागत नाही. पहिला डाग सुटायला लागला आणि माझं डोकं दुखायचं थांबलं. अगदी थांबलं. कपाळावरून कुणी थंड हात फिरवल्यासारखं झालं. आता कळलं मला, दुखणं कामाचं नव्हतंच, रिकामपणाचं होतं. हे डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

बाटली माळ्यावर जुन्या गादीच्या गुंडाळीत ठेवली. तिथे ठेवलेलं सापडत नाही. मला माहीत आहे, कारण धाकट्याची तिथली बाटली शोधायला मला वर्ष लागलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी नियम केलाय. फक्त दुपारी. फक्त कोट, चादरी नाहीत. दिवसाला दोन. आज पाच झाले, पण त्यात दोन अगदी किरकोळ होते, ते मोजत नाही.

आज हाताची पट्टी बदलायला डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. गेले नाही. फोन करून सांगितलं की ताप आहे. नवऱ्याला सांगितलं की जाऊन आले, बरं आहे म्हणाल्या. पट्टी थोडी ओली झाली होती कडेने, ती पंख्याखाली वाळवली. बोटं जरा फुगलीत. फुगणारच, कातडं नवीन आहे.

घडीवाली कुरकुरतेय. म्हणाली, बाई, उद्यापासून मी पिशवी आणणार नाही, मालक मला विचारतात तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडते. मी म्हटलं, आणू नकोस, मग मी परत आले की तुझे काठ बघते. तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. म्हटलं, बरं, शेवटची पिशवी.

धाकट्याचं काहीतरी बिनसलंय. तीन दिवस झाले, कामावरून आला की घरात थांबत नाही. सरळ गच्चीत जाऊन बसतो, थंडीत. जेवायला बोलावलं की खाली येतो आणि दोन घास खाऊन परत वर. विचारलं तर म्हणतो, हवा चांगली आहे. मला त्याची लक्षणं ठीक दिसत नाहीत. आज जवळून जाताना तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. तरी लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू कळत नाही. सरळ लिहिते.

सकाळी नवरा पॅसेजमधून चालता चालता थांबला आणि त्याने नाक वर केलं. या घरात आम्हा सगळ्यांना ते नाक आहे, वर्षानुवर्षं घासून धारदार झालेलं. शिडी आणली, माळ्यावर चढला, गादी सोडली. बाटली घेऊन खाली आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. अर्धी होती.

लेक होती. धाकटा गच्चीतून नुकताच खाली आला होता. मी ओट्याशी होते.

नवरा चढ्या आवाजात बोलत नाही कधी. आजही नाही बोलला. बूच काढून हुंगलं आणि धाकट्याला म्हणाला, "परत स्पिरिट? त्याच गादीत?"

धाकट्याने बाटलीकडे बघितलं. मग माझ्या बँडेजकडे. मग माझ्याकडे. फार वेळ नाही, पण बघितलं. म्हणाला, "भाऊजी, मी प्यायलो नाही." एकदाच म्हणाला. पूर्वी खोटं बोलायचा तेव्हा दहादा म्हणायचा, शपथा घ्यायचा, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा.

लेक रडायला लागली. मामा, तू गच्चीत का जायचास आता कळलं, म्हणाली. नवरा म्हणाला, मागच्या वेळी ठरलं होतं, पुन्हा स्पिरिट दिसलं तर या घरात राहायचं नाही. दोन दिवसांत सोय बघ. गाडीची किल्ली ठेव.

त्याने किल्ली ठेवली.

मी ओट्याशी उभी होते. माझं तोंड उघडलं होतं. मग वाटलं, आत्ता बोलले तर कोट जातील, घडीवाली जाईल, पुन्हा ती खुर्ची आणि ती खिडकी. सहा आठवडे. मी ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच होता.

नंतर त्याच्या खोलीत गेले. तो पिशवी भरत होता. मी म्हटलं, तू बोलला का नाहीस? तुला माहीत आहे ना?

म्हणाला, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वास मला आधी आला, भाऊजींना नंतर. म्हणून तर गच्चीत बसायचो. खाली बसलो असतो तर गादीपर्यंत पोचलो असतो."

मी म्हटलं, मग सांग त्यांना. तो म्हणाला, आमच्यात असं आहे ताई, बाटली ज्याची त्यानेच माझी म्हणायचं. दुसऱ्याने म्हटली तर ती सुटत नाही. तू माझ्यासाठी किती वर्षं खोटं बोललीस, सुटली का?

मी म्हटलं, उद्या सांगते.

तो पिशवीची चेन लावता लावता हसला. "हो. मीही उद्याच सोडायचो."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही. सकाळी नवरा घाईत होता. दुपारी कुणी घरात नव्हतं.

दुपारी शेवटचा कोट काढला. म्हटलं, हात कामात असला की बोलायचं सुचेल, मांडणी करता येईल. घरात आता बाटली नव्हती, पण मी आधीच थोडं स्पिरिट घट्ट झाकणाच्या वाटीत काढून पलंगाखाली ठेवलं होतं. का काढून ठेवलं होतं ते विचारू नये. असावं म्हणून.

डाव्या हातातून वाटी कलंडली. जवळजवळ सगळं उजव्या हातावर. पट्टीतून आत गेलं. मी दात आवळले, कारण उघड्या जखमेवर स्पिरिट म्हणजे काय ते मला माहीत आहे. मधल्या बोटाने आग आग केली, डोळ्यांतून पाणी काढलं. शेजारचं बोट गप्प.

अजिबात काही नाही. मी थांबले. मग बाटलीच्या तळात उरतं तसं वाटीत उरलेलं मुद्दाम त्यावर ओतलं. काही नाही. दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं.

पट्टी उघडून बघितली नाही. वरून दुसरी पट्टी गुंडाळली.

धाकटा उद्या सकाळी जाणार आहे. कुठे, ते विचारलं नाही मी. मास्तरांकडे असेल. तिथे आठ दिवस, मग? एकटा कुठल्याशा खोलीत, कोपऱ्यावर गुत्ता. मला माहीत आहे तिथून पुढचं. मी त्याला तिथून उचलून आणला होता, माझ्या या हातांनी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पटकन लिहिते, लेक गाडी आणायला गेलीय.

तो दारात बूट घालत होता. नवरा बाजूला उभा होता, तोंड फिरवून. घडीवाली खाली कपड्यांची गाडी घेऊन आली होती, ती पायरीवर थिजून उभी. मला वाटलं होतं मी नीट सांगेन, आधी हे मग ते. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "बाटली माझी आहे."

आणि नवऱ्याने विश्वास ठेवला नाही.

त्याने मान हलवली आणि म्हणाला, अगं, आता पुरे. किती वर्षं हेच बोलत आलीस. बाटली माझी, खोकल्याचं औषध आहे, मी पडले म्हणून फुटली, मीच आणली होती कपड्यांसाठी. आता तरी त्याला पाठीशी घालू नकोस.

खरंच होतं ते. मी त्याच्यासाठी इतकं खोटं बोलले होते की आता खरं बोलायला माझ्याकडे शब्दच उरले नव्हते, सगळे वापरून झालेले. मी घडीवालीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मालकांसमोर ती काय बोलणार, आणि मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार बोल म्हणून?

मग मी आत गेले आणि पलंगाखालची पिशवी ओढून आणली. कोट दारात ओतले. पांढरे कोट, एकेकाच्या खिशावर जिथे डाग होता तिथे आता स्वच्छ. नवरा बघत राहिला. तरी त्याला कळेना. मी दातांनी पट्टीची गाठ सोडली. वरची काढली, मग खालची. आधी स्पिरिटचा वास आला. मग दुसरा.

घडीवालीने पदर नाकाला लावला. धाकट्याने एक बूट घातला होता, तसाच पुढे आला आणि माझा हात मनगटाशी धरून वर उचलून धरला. नवरा पायरीवर बसला. तो मोठा माणूस आहे, असा बसलेला मी बघितला नव्हता. म्हणाला, "मला वाटलं तू घरात आहेस."

मी घरातच होते. पण तो काय म्हणाला ते मला कळलं.

गाडी आली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलमध्ये आहे. एक बोट गेलं. मधलं राहिलं, डॉक्टरीणबाई म्हणतात ते वाकेल, पण इथून पुढे माझं काम ते वाकवणं एवढंच. यावेळी माझ्याकडे बघून बोलल्या. चार दिवस आधी आला असतात तर दोन्ही राहिली असती, म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

नसलेलं बोट खाजतं. हा एक नवीनच प्रकार.

अंगाखाली आमच्याच लॉन्ड्रीची चादर आहे. जोडलेली. शिवण पाठीखाली येते आणि रुतते. ही मीच जोडली असणार, घाईत, चुकीच्या जागी फाडून. रात्रभर कूस बदलते.

नवरा रोज येतो. फार बोलत नाही. काल म्हणाला, रोलरची चिंधी सोडली. पट्टी आता खाली असते, मशीन सारखं थांबतं, घडीवाली थांबते, पुन्हा चालू करते. काम उरतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी करतात. मी विचारलं, हॉस्पिटल काही बोललं का? म्हणाला, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

लेक येते आणि माझं डोकं विंचरते. आज म्हणाली, आई, मी शाळेत असताना तुझ्याशी बोलायचं असलं की लॉन्ड्रीत येऊन रोलरच्या पलीकडे उभी राहायचे, आठवतं? चादर आली की तू बघायचीस, मला वाटायचं माझ्याकडे बघतेस. मी म्हटलं, चादर नीट निघाली का ते बघायला लागतं. ती विंचरायची थांबली, मग पुन्हा विंचरायला लागली. तिला काय म्हणायचं होतं ते विचारायला हवं होतं.

धाकटा घरीच आहे. गाडीची किल्ली नवऱ्याने स्वतः त्याच्या खिशात घातली म्हणे. माफीबिफी कुणी मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. मी त्याला म्हटलं, तुला हाकलत होते तेव्हा मी ओटा पुसत होते. तो म्हणाला, माहीत आहे, मी बघत होतो.

मग म्हणाला, पुढच्या शनिवारी बैठकीला चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, तिथे दारुडे असतात, माझं तिथे काय काम?

"काहीच काम नाही," तो म्हणाला. "म्हणूनच चल."

१ मार्च, शनिवार

गेले होते. दोन दिवसांपूर्वी घरी सोडलं, हात गळ्यात बांधलेला. शाळेची खोली होती, संध्याकाळची रिकामी. माणसं साधीच. एक बस चालवणारा, एक बाई लहान मुलाला घेऊन, आणि ते मास्तर. खुर्च्या वेड्यावाकड्या. मला त्या सारख्या करायच्या होत्या. धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

एकेक जण उठून आपलं सांगत होता. कुठे लपवायचो, कुणाला काय सांगायचो. बसवाला म्हणाला, मी नियम केला होता, फक्त रविवारी, आणि बिअर मोजायचीच नाही. सगळे हसले. मी नाही हसले.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी दारू पीत नाही. यावर कुणी हसलं नाही. पुढे काही सुचेना. त्या पाद्र्याला कसं सुचलं असेल कोण जाणे, सगळ्यांसमोर आधी स्वतःचंच नाव घ्यायला. मास्तर म्हणाले, बसा बाई, आज नुसतं ऐका. मी बसले.

पण मी फारसं ऐकलंच नाही. समोर टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध बॉलपेनचा डाग. रुपयाएवढा. कुणीतरी पेन उघडं ठेवलं असणार. जुना नव्हता, एका हाताने निघाला असता. खालून बोळा, वरून टिपायचं, बाहेरून आत. बाई रडत रडत काहीतरी सांगत होती आणि मी तो डाग काढत होते, मनात, पुन्हा पुन्हा.

सगळे उठले तेव्हा मी टेबलाशी गेले. कपड्याचा कोपरा चिमटीत धरला. पिशवीत मावला असता. मास्तरांना म्हटलं असतं, पुढच्या शनिवारी आणून देते, तर त्यांनी आभारच मानले असते.

धाकटा दाराशी उभा होता. बघत होता.

मी कोपरा सोडला. काठ जुळत नव्हते, तेही तसेच ठेवले आणि बाहेर आले. रस्ताभर तो डाग डोळ्यांसमोर होता. आता लिहितानाही आहे. तिथेच, त्या टेबलावर.